कोपऱ्यातली फरशी

फरश्या एकमेकींशी बोलत, त्या काळची गोष्ट. बसाप्पा गवंडी देवळाच्या मंडपात चौकोनी फरश्या तिरप्या बसवत होता. मधला भाग भरला, पण भिंतीलगत त्रिकोणी जागा उरल्या. म्हणून त्याने एक काळी फरशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ कापली. एक अर्धी भिंतीशी नेमकी बसली.

दुसरी रडू लागली. "माझे चार काटकोन होते गं, आता एकच उरला!"

"पण तुझ्या दोन बाजू अजून सारख्याच आहेत," शेजारीण म्हणाली.

तेवढ्यात बसाप्पाने त्या रडणाऱ्या अर्धीवर काटकोनापासून लांब बाजूच्या मध्यापर्यंत रेघ ओढली. मंडपाच्या कोपऱ्यांत उरलेल्या जागा आणखी लहान होत्या.

"आता मी संपलेच," ती कळवळली. छिन्नीचा घाव बसला आणि तिचे दोन तुकडे झाले.

तिने भीत भीत स्वतःकडे पाहिलं. एक काटकोन, दोन सारख्या बाजू. "अगं, मी तर तशीच आहे! फक्त लहान झाले."

"मीसुद्धा!" दुसरा तुकडा आनंदाने ओरडला.

बसाप्पाने तिला उचललं. दोन भिंती जिथे मिळत होत्या, तिथे ती आपल्या दोन्ही सारख्या बाजू टेकवून निवांत बसली.