भुजंगराजांच्या मोटारीचं पेट्रोल

"चोर! तुझा नवरा चोर आहे!" भुजंगराजे सिंहासनावरून ओरडले. "लिटरमागे पंचवीस कोस, असं मोटारीच्या कागदावर छापलंय. आणि हा गेनू लिटरमागे पाच कोस जातो! बाकीचं पेट्रोल गेलं कुठं?"

"प्यायला असेल!" हौसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सकाळी चहा, दुपारी पेट्रोल! पोटाला कान लावून बघा, घरघरतंय का!"

गेनू म्हणजे राजांचा ड्रायव्हर. तो बिचारा खांबाआड लपला होता. नोकरी गेली की राजवाड्यामागची खोलीही जाणार होती, आणि खोलीत सहा माणसं, शिवाय सासूबाई!

"सरकार, ही मोटार दोन्हींवर चालते, पेट्रोलवर आणि विजेवर," हौसाबाई म्हणाली. "तुमचा तो कागद बॅटरी भरलेल्या मोटारीचा आहे. वर्षभरात एकदा तरी तिला चार्जिंगला लावू दिलीत का?"

"लावू देणारही नाही! भिंतीला बांधतात ती म्हैस! माझं वाहन बांधलेलं दिसलं, तर शेजारचा राजा म्हणेल, भुजंगराजे गहाण पडले!"

त्या घराण्याची रीतच तशी. राजाचं वाहन मोकळं उभं राहायचं. त्यापायी आजवर तीन हत्ती पळून गेले होते, पण रीत काही मोडली नाही!

"सांजेपर्यंत खर्च कागदाइतका करून दाखव," राजे गरजले, "तोही मोटार न बांधता! नाहीतर खोली रिकामी करा!"

सांजेला राजवाड्यासमोर एक बैलगाडी आली. जुवाच्या एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला खांदा देऊन घामाघूम हौसाबाई. आणि वर गाडीत, गादीवर, दुसरा बैल ऐसपैस बसलेला!

"बसा सरकार! एक चक्कर मारू."

राजे चढले. गादीवरचा बैल तसूभरही सरकला नाही. उलट राजांच्या फेट्याचा शेमला चघळू लागला. गाडी दहा पावलं गेली आणि थांबली.

"अगं, या ठोंब्याला खाली उतरव! जुंप त्याला!"

"तो काय ओढणार? उपाशी आहे."

"मग त्याचं ओझं त्या दुसऱ्यानं का वाहायचं? तो दुप्पट वैरण खाईल की! याला चार आधी!"

"चारते की! पण दावणीला बांधू द्याल?"

"बांध ना! बैल बांधायचा नाही तर काय ओवाळायचा?"

यावर हौसाबाई जुवाखालूनच एक वाक्य बोलली. राजे इतके हसले, की तोल जाऊन बैलाच्या अंगावर पडले! गेनूची नोकरी राहिली, खोली राहिली, वर एक बैलजोडी इनाम मिळाली, आणि मोटारीची वायर राजांनी स्वतःच्या हातानं भिंतीत खोचली. ते वाक्य असं:

"मग बॅटरीही बैलच समजा, सरकार, बांधून चारलीत तर ओढेल, नाहीतर गादीवर बसून तुमचंच पेट्रोल खाईल!"