दोर धरणारा नंदिसेन

पूर्वी वेलापट्टण नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या कोळ्यांच्या कुळात जन्मला होता. नाव नंदिसेन. मासा मारायला त्याचा हात धजत नसे, म्हणून कुळाने त्याला दोर धरायचे काम दिले.

हे काम नीट समजून घ्या. समुद्रात घुसलेल्या खडकाळ धक्क्याच्या टोकाशी गळ टाकणारा उभा राही. त्याच्या कमरेला दोर, आणि दोराचे दुसरे टोक वर बसलेल्याच्या हातात. दोर खडकाला बांधायचा नाही, ही रीत. लाट आली की हात दोर सैल सोडतो, खडक सोडत नाही. माणूस दगडावर आपटून मरतो. आणि वरच्याने ‘वर या’ म्हटले की गळाला मासा असो वा नसो, यायचेच.

त्या दिवशी टोकाशी नंदिसेनच्या बहिणीचा नवरा रोहक होता. घरी बहिणीचे दिवस भरत आले होते. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. तरी सकाळपासून नंदिसेनची नजर पाण्यावरून हलत नव्हती. पाण्याचे लक्षण त्याला बरे दिसेना. त्याने हाक मारली, रोहक वर आला, लाट काही आली नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. धक्क्याच्या माथ्यावर जाळी विणत बसलेले कोळी खो खो हसू लागले.

“अरे, ह्याला बाळंतिणीच्या खोलीत नेऊन बसवा!”

रोहक चिडला. “आता ओरडलास तर बघ.”

आणि नेमकी तेव्हाच भली मोठी घोळ मासळी त्याच्या गळाला लागली. इकडे नंदिसेनने पाहिले तर खेकडे झुंडीने खडक चढत होते. पाणी मागे सरत चालले होते आणि खाली कोणी कधी न पाहिलेला दगड उघडा पडत होता.

“दाजी, वर या!”

“गप रे!” म्हणत रोहकने कमरेची गाठच सोडून टाकली.

मोकळा दोर हातात आला आणि नंदिसेनच्या तोंडचे पाणी पळाले. खोटे कशाला सांगू, पळून जावे असेच त्याला वाटले. पण घरी बहिणीला तोंड कसे दाखवायचे? त्याने दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि दुसरे टोक त्या कोळ्यांकडे फेकले.

“हसा हवे तेवढे, पण हे धरा!”

लटपटत्या पायांनी तो टोकापर्यंत उतरला आणि सुरीने गळाची दोरी कापली. घोळ गेली. रोहकने त्याच्या थोबाडीत मारली. “मेल्या, बारशाचं जेवण घालवलंस!”

 नंदिसेनने रोहकला घट्ट मिठी मारली. तेवढ्यात समुद्र उठला, जवळजवळ धक्क्याच्या माथ्याइतका उंच.

पाण्याखाली किती वेळ गेला, दोघांनाही कळले नाही. वर कोळ्यांच्या तळहातांची सालटी निघाली, पण ते दोर सैल सोडत राहिले, ओढत राहिले. अखेर दोघेही वर आले. रोहकने नंदिसेनचे मनगट पकडले ते घर येईपर्यंत सोडले नाही.

“तुला भीती नाही वाटली?” त्याने दाराशी विचारले.

“दाजी, अजून वाटतेय.”

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, “एकट्याने अरण्यात राहायला घाबरतो म्हणून ज्याला तुम्ही काल हसलात, तो भिक्षू पिंगलक म्हणजे तेव्हा भ्यालेला, मनगट न सोडणारा रोहक. थरथरत उतरलेला नंदिसेन मी होतो. आणि हसणारे ते कोळी तुम्हीच. तेव्हा तुम्ही हसलात, पण दोर सोडला नाही. मग आज का सोडता? घाबरलेल्याचा हात धरणे, आपण स्वतः घाबरलेले असलो तरी धरणे, हीच करुणा.”