दोन कर्णे आणि रंभेचे कान

“वितळवा तो कर्णा आणि करा त्याचा बंब!” निंबगिरीच्या भुजंगराव महाराजांनी हुकूम सोडला, आणि ठकूच्या वडिलांच्या तोंडचं पाणीच पळालं.

दसऱ्याचं भाषण मैदानभर ऐकू जावं म्हणून महाराजांपुढे दोन कर्णे ठेवले होते. एक परदेशी कंपनीचा, चकचकीत. दुसरा ठकूच्या वडिलांनी, धोंडू तांबटांनी, वर्षभर ठोकून ठोकून घडवलेला. कंपनीच्या कर्ण्याबरोबर गुळगुळीत माहितीपत्रक होतं. आवाजाची ताकद इतकी, कंपनं तितकी, नुसत्या आकड्यांच्या रांगा! महाराजांनी ते वाचलं आणि तिथंच निकाल देऊन टाकला.

ठकूला राहवेना. “महाराज, एकदा ऐकून तरी बघा!”

“कुणाच्या कानांनी?” महाराज कडाडले. “हे दरबारी माझा चेहरा बघून माना डोलवतात. तुमची तांबट आळी तुमचीच री ओढणार. आणि मी कागद वाचून बसलोय, मला आता तोच गोड लागणार! कानाला भीड असते पोरी, आकड्याला नसते.”

“वा! काय बोललात, सरकार!” दिवाण अच्युतराव म्हणाले.

“बघ! काय सांगत होतो?”

ठकूनं हसू कसंबसं गिळलं. “महाराज, बिनभिडेचे कान आणले तर?”

“आण की! ज्यांना माझी भीती नाही, तुझी माया नाही आणि जे कागदाला भुलत नाहीत, असे कान उद्या सकाळी मैदानात हजर कर. नाही जमलं, तर बंब!”

घरी येताच धोंडूंनी कपाळाला हात लावला. “असा माणूस अजून जन्मायचाय गं!”

“माणूसच कशाला हवा, आबा?” असं म्हणत ठकू थेट हत्तीखान्याकडे पळाली.

सकाळी मैदानात कनात उभी राहिली. कनातीमागे दोन्ही कर्णे, आणि पुढ्यात ऊस चघळत उभी रंभा! महाराजांनी या हत्तिणीला पिल्लू असल्यापासून स्वतःच्या हातानं गूळ भरवला होता. त्यांच्याखेरीज ती कुणाला जुमानत नसे. माहुतालासुद्धा तिच्या विनवण्या कराव्या लागत.

“हे घ्या कान, महाराज,” ठकू म्हणाली. “चांगले सुपाएवढे आहेत!”

महाराज पलीकडच्या तंबूत चिकाच्या पडद्याआड बसले आणि कर्ण्यांना तारेनं जोडलेल्या यंत्रात बोलले. आधी कंपनीचा कर्णा गरजला, “रंभे, सलाम!”

झाडावरचे कावळे उडाले. रंभेनं कान हलवले आणि दुसरा ऊस उचलला.

मग धोंडूंचा कर्णा बोलला, “रंभे, सलाम!”

रंभेच्या तोंडातला ऊस खाली पडला. सोंड आभाळाकडे गेली आणि मैदान दणाणून जाईल असा चीत्कार झाला!

“जागा बदला!” तंबूतून महाराज ओरडले. “डावीकडे ऊन असेल!”

जागा बदलल्या. कंपनीचा कर्णा पुन्हा गरजला. रंभा ढिम्म! धोंडूंचा कर्णा बोलला मात्र, तिनं सलाम ठोकला, कनात फाडून आत घुसली आणि आपले महाराज आणि त्यांचा गूळ कुठं दडलाय म्हणून कर्ण्यातच सोंड घातली.

महाराज बाहेर आले, पण हट्ट सुटेना. “अगं, पण हिनं पत्रक कुठं वाचलंय?”

“मग दाखवा की, महाराज!”

महाराजांनी खरोखरच ते गुळगुळीत पत्रक रंभेपुढं धरलं. तिनं ते हुंगलं, उलटंपालटं केलं आणि अलगद तोंडात टाकलं.

“सरकार! पत्रक!” दिवाण किंचाळले.

ठकूनं हात जोडले. “कागदही पसंत पडला तिला, महाराज. पण चवीला!”

महाराजांना असं हसू फुटलं, की पगडी कानावर कलली. हसतहसतच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं ठकूच्या हातावर ठेवलं. धोंडूंना दरबाराचा शेला पांघरवला, त्यांचा कर्णा मैदानात मानानं चढवायला सांगितला, आणि त्यातून पहिला हुकूम सोडला, “अरे, रंभेला गुळाची ढेप आणा!”

तो हुकूम गावाच्या वेशीपर्यंत लख्ख ऐकू गेला. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही!