मचाणावरून घरंगळलेली गोळी

भालगडच्या हैबतराव महाराजांची गोळी बंदुकीतून उडालीच नाही, घरंगळली! मचाणाखाली भलंथोरलं रानडुक्कर कंद उकरत होतं. महाराजांनी नेम धरायला नळी खाली कलवली आणि चाप ओढण्याआधीच गोळी सुळ्ळकन निघून डुकराच्या पाठीवर टपकली. मागोमाग बंदुकीची दारू त्याच्या नाकावर! चाप ओढला तर नुसतं फुस्स! डुक्कर शिंकलं आणि सावकाश झाडीत निघून गेलं. मानकरी झाडाची पानं निरखू लागले. हसणार कोण?

"रायाजी!" महाराज गरजले. रायाजी म्हणजे त्यांची ठासणीची बंदूक भरून देणारा जुना चाकर. "गोळी कशी भरलीस?"

"आपल्याच हुकमापरमानं, सरकार. उघडी."

खरंच होतं ते. रायाजी गोळी तेलकट फडक्यात गुंडाळून नळीत गच्च ठासायचा. पण गेल्या महिन्यात महाराजांची नजर त्या फडक्यावर गेली आणि ते निघालं रायाजीच्या जुन्या धोतराचं! राजाच्या बंदुकीत चिंधी? त्या दिवसापासून चिंधी बंद.

"उद्या सकाळी मी पुन्हा बसणार!" महाराज म्हणाले. "नळी उलटी धरली तरी गोळी माझ्या हुकमाशिवाय हलता कामा नये. पहिली चुकली, तर विडा चघळून व्हायच्या आत दुसरी भरलेली हवी. आणि चिंधी दिसली, तर घरदार उचल आणि राज्याबाहेर चालता हो!"

रायाजी घरी आला तो गाठोडं बांधायलाच बसला. सगळा जन्म भालगडात गेला, आता म्हातारपणी जायचं कुठे? त्याला रडूच कोसळलं. सून ठकूने सगळं ऐकून घेतलं, गाठोड्यात हात घातला आणि एक शेला ओढून काढला. दसऱ्याला महाराजांनी स्वतःच्या खांद्यावरून उतरवून रायाजीला दिलेला! ठकूने त्याला सरळ कात्री लावली.

"अगं बये, मानाचा शेला हाय त्यो!"

"मानाचाच पायजे, मामंजी. तुमी त्या कोपऱ्यातल्या फळीला गोळीच्या मापाची भोकं पाडा बगू."

रायाजीने गिरमिटाने आरपार भोकं पाडली. ठकूने शेल्याचे तुकडे मेण-तेलात भिजवले, एकेका गोळीला लपेटून ती एकेका भोकात दाबून बसवली आणि फळीला दोरी बांधली. गळ्यात अडकवली की झालं.

सकाळी फळी धरायला म्हणून ठकूही मचाणावर चढली. महाराजांनी भरलेली बंदूक उलटी करून गदागदा हलवली. गोळी ढिम्म हलली नाही! तेवढ्यात डुक्कर आलं. पहिला बार चुकला आणि बिथरलेलं जनावर थेट झाडाच्या बुंध्यावर धडकलं. मचाण हललं, तरी महाराजांनी हट्टाने विडा तोंडात कोंबलाच. रायाजीने नळीत दारू ओतली, ठकूने फळीचं भोक नळीच्या तोंडाशी नेमकं धरलं आणि रायाजीने गजाने गोळी आत ठासली. विडा अजून गालातच होता, तोवर बंदूक महाराजांच्या हातात! ठो! डुक्कर जागीच आडवं!

महाराज खुशीत मिशा पिळू लागले. एवढ्यात खाली उतरलेल्या एका मानकऱ्याने काठीच्या टोकावर काहीतरी जळकं वर धरलं. गोळीबरोबर उडालेला कापडाचा तुकडा!

"चिंधी!" महाराज कडाडले.

"चिंधी न्हवं, सरकार," ठकू पदर सावरत म्हणाली. "मानाची वस्त्रं हायेत ती!"

"कुणाची?"

"गोळीची! कामगिरीवर सरदार निघाला, की त्याला दरबारातनं वस्त्रं मिळत्यात. कालच्या गोळीला आपण उघडीच धाडली. लाजली बिचारी, गुमान खाली उतरली! आजचीला वस्त्रं नेसवली, तर बघा, फत्ते करून आली!"

"आणि ती वस्त्रं आणलीस कुठून?"

"आपल्याच शेल्याची! आपण दसऱ्याला मामंजींना दिलेला. राजाच्या खांद्यावरचं कापड आमाला तरी चिंधी म्हनवत न्हाई. आपण म्हनत असाल, तर हुकूम करा. गाठोडं बांधलेलंच हाय!"

महाराजांनी तुकडा हातात घेऊन पाहिला. काठाची जर अजून चमकत होती. ते आधी फुरफुरले, मग असे खदखदून हसले की विडा उडून मानकऱ्याच्या पागोट्यावर पडला! त्यांनी अंगावरचा नवा शेला उतरवून रायाजीच्या खांद्यावर टाकला.

"पण हा कापायचा नाही हं!"

"मंग पुढच्या शिकारीला गोळ्यांनी नेसायचं काय, सरकार?"

"ऐका रे!" डोळे पुसत महाराज ओरडले. "दर दसऱ्याला मानकऱ्यांच्या वस्त्रांबरोबर गोळ्यांचीही वस्त्रं निघतील! चांगल्या कापडाचा अख्खा ताका रायाजीच्या घरी, आणि त्या घरच्या सुनेला मानाचं लुगडं!"