पवळ्याचं नाक आणि बारीक तार

"कुणाचं नाक पुढं होतं? अरे सांगा ना, कुणाचं नाक पुढं होतं?"

अंबरगडचे गजेंद्रमहाराज ओरडत होते, आणि दरबारात कुणालाच उत्तर देता येत नव्हतं.

झालं असं, की पाय मुरगळल्यामुळं महाराजांना बैलगाड्यांच्या शर्यतीला जाता आलं नाही. म्हणून त्यांनी महालात भिंतीएवढा टीव्ही लावून घेतला. शर्यत सुरू झाली. महाराजांचा लाडका पवळ्या आणि शेजारच्या राजाचा बैल अगदी शेवटच्या रेषेशी आले, धूळ उडाली, आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले! पवळ्या कुठं, धूळ कुठं, काही कळेना. पंचांनी बरोबरी दिली. परवा पुन्हा शर्यत ठरली.

महाराजांनी केबलवाल्या सटवाजीला बोलावलं.

"काय रे, एवढा मोठा टीव्ही, आणि त्यात माझा बैल विटांचा दिसतो?"

"महाराज, टीव्ही चांगला आहे. तार बारीक आहे," सटवाजी हात जोडून म्हणाला. "तिच्यातून दोनशे चॅनल न्यायचे, म्हणजे चित्र दाबून दाबून न्यावं लागतं. जे हलत नाही ते एकदा पाठवायचं. पुढं जेवढं हललं तेवढंच. बातम्या सांगणाऱ्या बाईचे नुसते ओठ हलतात, तिला जागा थोडी पुरते. शर्यतीत बैल पळतात, धूळ उडते, माणसं नाचतात. एवढं मावत नाही, मग चौकोन पडतात."

"मग?"

"जाड तार टाकू या. नाहीतर दाबायची नवी रीत आली आहे, तिच्यात चित्र कमी बिघडतं. पण घरोघरच्या टीव्हीजवळच्या पेट्या बदलाव्या लागतील."

"काही बदलायचं नाही! तार तीच, पेट्या त्याच. आणि दोनशेतला एक चॅनल कमी केलास तर बघ! शेजारच्याकडं दीडशेच आहेत! परवा मला पवळ्याच्या नाकावरची माशी दिसली पाहिजे. नाही दिसली, तर बायकोला घेऊन राज्याबाहेर चालता हो!"

सटवाजी रडवेला होऊन नदीवर आला. त्याची बायको गोजरा तिथं होडी चालवायची. तो गुपचूप होडीत बसला आणि तिला सगळं सांगून टाकलं.

"अहो, मग रडता कशाला? आधी सरका तिकडं, खोंड चढतंय!"

एका शेतकऱ्यानं दांडगं खोंड होडीत चढवलं. ते लागलं नाचायला.

"ए, सगळ्यांनी कडेला उकिडवं बसा! हलू नका!" गोजरा ओरडली. "मधली जागा खोंडाला द्या!"

होडी निघाली. नदीच्या मध्यावर गोजराचं वल्हं थांबलं.

"अहो, एखाद्या चॅनलला जागा लागलीच नाही, तर ती कुणाला जाते?"

"ज्याला हवी त्याला. यंत्र आपोआप देतं."

"मग झालं की! एकालाही होडीतून उतरवायचं नाही. नुसतं गप्प बसवायचं!"

आणि ती त्याच्या कानात काहीतरी बोलली. सटवाजी एवढा दचकला, की खोंडसुद्धा त्याच्याकडं बघायला लागलं.

परवाचा दिवस उजाडला. शर्यत सुटली. आणि काय सांगावं! मातीचा कण न् कण दिसत होता. गाडीवानाच्या मिशीवरचा घाम दिसत होता. पवळ्याच्या नाकावर खरोखरच एक माशी बसली होती! शेवटची रेषा आली. शेजारच्या बैलाचं नाक बोटभर पुढं, हे सगळ्यांना लख्ख दिसलं.

सटवाजीनं डोळे मिटून घेतले.

"हरलो!" महाराज म्हणाले. "पण काय स्वच्छ हरलो रे! सटवाजी, एक तरी चॅनल बंद केलास का?"

"एकही नाही, महाराज. बघा."

महाराजांनी चॅनल बदलला. पडद्यावर महाराजांचा फोटो. पुढचा चॅनल. महाराजांचा फोटो. त्याच्या पुढचा... तिथंही महाराजच, मिशीला पीळ देऊन!

"हा काय प्रकार आहे?"

गोजरा पुढं आली. "सगळे चॅनल चालू आहेत, महाराज. फक्त गप्प बसलेत. फोटो हलत नाही, त्याला जागा लागत नाही. सगळी तार पवळ्याला मोकळी!"

"पण माझाच फोटो का? फुलदाणीसुद्धा हलत नाही की!"

"फुलदाणी लावली असती, तर लोकांनी येऊन आमचं दार मोडलं असतं. महाराजांचा चेहरा नको म्हणायची कुणाची छाती आहे?"

"माझी आहे!"

दारात राणीसाहेब उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. "माझ्या मालिकेत सून घर सोडून निघाली होती! ती उंबऱ्यावर, आणि तेवढ्यात तुम्ही! दुसरीकडं गेले, तिथंही तुम्ही! जन्मभर तोंड बघतेच आहे, आता टीव्हीवरही तेच?"

महाराज आधी गोरेमोरे झाले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि ते असे हसले, असे हसले, की मुरगळलेला पाय विसरून उठून उभे राहिले!

"गोजरे, शर्यत हरलो ती हरलो, तुझ्याशीही हरलो! सटवाजी, उद्याच जाड तार टाक, पेट्या बदल, खर्च माझा. आणि गोजरे, तुला नवी होडी, चांगली रुंद!"

"आणि मला?" राणीसाहेब म्हणाल्या.

"तुम्हाला काय हवं?"

"ते दोनशे फोटो आधी उतरवा!"