क्रूस कुणाच्या हाती

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ही फार मागची गोष्ट आहे. समुद्रकाठी कोळ्यांचं एक गाव होतं. दर वर्षी गावची माणसं डोंगरावरच्या मारियामातेच्या देवळाला अनवाणी चालत जात. पुढे लाकडी क्रूस. क्रूसाच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, एवढा एकच नियम.

क्रूस होड्यांचा म्होरक्या कैतान तांडेल याच्याकडे असे. होडी हाकावी तसा तो वाट कापायचा. आसपासच्या गावांत आपलं गाव सर्वांत आधी पोचतं याचा सगळ्यांना मोठा अभिमान होता.

सर्वांत मागे असायची रेमेदबाय. तिचा एक पाय अधू होता. पोरं म्हणायची, ही पोचेपर्यंत पुढल्या वर्षीची जत्रा येईल. ती हसून म्हणायची, "येऊ दे की. मग मला दोनदा चालायला नको."

त्या वर्षी लोक चिंचेखाली विसावले. निघायला उठले, तेव्हा रेमेदबाय येऊन पोचली. उभ्यानेच पाणी पिऊन ती चालू लागली. कैतानच्या लक्षात आलं, हिला विसावा कधी मिळतच नाही. त्याने तिला बसायला सांगितलं.

ती म्हणाली, मुलगा वादळातून परत आला म्हणून तीन वर्षं चालायचा आणि देवळातली मिस्सा, म्हणजे फादरांची सामुदायिक प्रार्थना, चालू असताना मेणबत्ती लावायचा नवस आहे. आधीची दोन्ही वर्षं ती पोचली तेव्हा देवळाचं दार बंद झालं होतं. हे शेवटचं वर्ष.

कैतान लोकांकडे वळून म्हणाला, "त्या वादळात हिच्या मुलासाठी आपण चार होड्या माघारी फिरवल्या. जमिनीवर आलो की आपल्याला काय होतं?"

त्याने क्रूस रेमेदबायच्या हाती दिला. आता तिच्यापुढे कुणालाच जाता येईना. काहींनी कुरकुर केली, पण चालले तिच्याच पावलांनी.

देवळाशी पोचले तेव्हा मिस्सा संपली होती. फादर झगा उतरवून दार लावत होते. गावाला एवढा उशीर कसा, असं त्यांनी विचारलं.

कैतान म्हणाला, "फादर, चूक माझी. दोन वर्षं हिला एकटीला उशीर केला. आज सगळ्यांना केला."

फादरांनी रेमेदबायच्या हातातला क्रूस पाहिला. त्यांनी पुन्हा झगा चढवला आणि स्वतः घंटा वाजवली. मिस्सा सुरू झाली आणि रेमेदबायने मेणबत्ती लावली.

पुढल्या वर्षी म्हातारे आले, कडेवर तान्ही घेतलेल्या बाया आल्या, काठी टेकणारे आले. आजवर मागे पडायच्या भीतीने ते घरीच राहत होते. गाव दुप्पट होऊन निघालं. तेव्हापासून तिथे क्रूस सर्वांत सावकाश चालणाऱ्याकडे असतो, आणि क्रूस देवळाच्या पायरीला लागल्याशिवाय घंटा वाजत नाही.

तात्पर्य: सर्वांत सावकाश चालणारा जिथे पुढे असतो, तिथे कुणीच मागे राहत नाही.