डोक्यावरची कमान

त्या राज्यातले रस्ते वाईट होते, आणि ते तसेच राहावेत अशी सर्वांची मनापासून इच्छा होती. कारण वर्षातून एकदा त्याच खडीवरून, चिखलातून आणि घाटातल्या वळणांवरून गाड्यांची शर्यत होत असे. सपाट रस्त्यावर काय कोणीही धावेल, असं तिथल्या प्रजेचं मत होतं.

गाड्या भात्याच्या वाऱ्यावर चालत. भाते तांबट पक्षी करत, सांगाडा सुतार पक्षी करत. हाकायला मुंगूस असे आणि त्याच्या शेजारी टिटवी. आठ दिवस आधी तिनं सगळा रस्ता पायांनी मोजलेला असे. “डावं, आखूड. पुढं उतार. आतून जाऊ नको, दगड आहे,” असं ती ओरडत राही आणि मुंगूस तिच्या शब्दावर गाडी झोकून देई. एरवी टिटवी ओरडली की अपशकुन म्हणून लोक तोंड फिरवत. त्या एका दिवशी मात्र तिच्या ओरडण्यावरच जीव टांगलेला असे.

सुरुवातीला नियम नव्हते. ज्याचा भाता मोठा, त्याची गाडी पुढे. भाते फुगत गेले आणि एका वर्षी एक गाडी वळणावर वळलीच नाही, सरळ बघ्यांच्या गर्दीत शिरली. अकरा ससे गेले. त्याच दिवशी नियम करायला बगळ्यांचं पंचमंडळ नेमलं गेलं. बगळ्यांना ढोंगी म्हणायची रीत आहे, पण हे बगळे ढोंगी नव्हते. ते अकरा ससे त्यांनी स्वतः उचलले होते.

बगळ्यांनी लिहिलं की भात्याचं तोंड जांभळाहून मोठं नसावं. तांबटांनी तोंड जांभळाएवढंच ठेवलं आणि आतली नळी घासून इतकी गुळगुळीत केली की वारा पहिल्यापेक्षा जोरात आला. मग बगळ्यांनी लिहिलं की हलक्या गाड्या मोडतात, तेव्हा कोणतीही गाडी दोनशे शेरांहून कमी भरू नये. सुतारांनी सांगाडा आणखी हलका केला आणि कमी पडलेलं वजन दगडांच्या रूपानं तळाशी बांधलं. गाड्या जमिनीला चिकटून वळू लागल्या, म्हणून आणखी वेगानं वळू लागल्या. शेवटी बगळ्यांनी लिहिलं की शर्यतीत धावेल तीच गाडी प्रजेलाही विकली पाहिजे, म्हणजे हा अतिरेक थांबेल. अतिरेक थांबला नाही, बाजारात गेला. कोंबड्या बाजाराला निघत तेव्हा गाडीच्या मागं शर्यतीत वारा कापायला लावलेलं हातभर उंच शेपूट डौलात उभं असे, आणि पिल्लांना बसायला जागा नसे.

या सगळ्यात एका सुताराचं फार नाव झालं. नियमांचा ताम्रपट लागला की इतर सुतार लिहिलेलं वाचत, हा लिहायचं राहिलेलं वाचत असे. त्याला लबाड म्हणणं अन्यायाचं होईल. बगळे दोरी घेऊन त्याची गाडी इंच इंच मोजत आणि दरवेळी मान डोलावून परत जात. त्याच्यामुळं पुढच्या वर्षीचा ताम्रपट वाढे, याचं त्यांना थोडं कौतुकच वाटे.

त्याची गाडी हाकणारा मुंगूस त्याचा लहानपणापासूनचा मित्र होता. त्याच्यासाठी सुतारानं पहिल्या गाडीपासून एक गोष्ट कोणी न सांगता केली होती. हाकणाऱ्याच्या डोक्यावर बाभळीची एक जाड कमान. एकदा गाडी उलटली तेव्हा कमान नुसती खरचटली आणि मुंगूस शेपटीची धूळ झटकत बाहेर आला. ताम्रपटात कमानीचा उल्लेख नव्हता. इतर सुतारांनी ती कधी लावलीही नाही.

मग एका वर्षी ते हरले. एका शिंकेला लागतो तेवढ्या वेळानं हरले. सुतारानं गाडी सुटी करून एकेक तुकडा तोलला. कमान पाच शेर भरली. वर पाच शेर म्हणजे तळाशी पाच शेर दगड कमी. पुढच्या शर्यतीला गाडी आली तेव्हा टिटवीनं आधी वर पाहिलं.

“सुतारदादा, कमान कुठं गेली?”

“ती लागतच नाही. ताम्रपटात कुठं आहे?”

“ताम्रपटात नसू दे. याच्या डोक्यावर होती ना?”

“राहू दे गं,” मुंगूस हसत म्हणाला. “त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

सातव्या वळणावर एक दगड होता. आठ दिवसांपूर्वी तो तिथं नव्हता. गाडी एकदाच उलटली. टिटवीला पंख होते.

बगळे आले. त्यांनी रीतीप्रमाणे मोडकी गाडी मोजली. तोंड जांभळाएवढं, वजन बरोबर दोनशे शेर. कुठंच चूक नव्हती. थोरल्या बगळ्यानं हाकणाऱ्याच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेकडं चोच केली.

“इथं कमान असायची ना रे?”

“असायची,” सुतार म्हणाला. “लिहिलेली नव्हती.”

“आम्हाला वाटलं, ती तू लावशीलच.”

सुतारानं ते वर्ष एकही लाकूड हातात घेतलं नाही. मित्राला आपणच मारलं, असं तो येईल त्याला सांगत असे, आणि ऐकणारा म्हणे, छे, तुझी गाडी तर नियमात होती.

वर्ष सरताना टिटवी नवा ताम्रपट घेऊन त्याच्या दारात आली. तिच्यामागं मुंगसाची धाकटी बहीण होती. यंदा गाडी तीच हाकणार होती. “घ्या दादा, आता लिहिलंय,” टिटवी म्हणाली. प्रत्येक गाडीला हाकणाऱ्याच्या डोक्यावर कमान असावी. लाकूड बाभळीचं असावं. जाडी मुंगसाच्या पंजाएवढी असावी.

सुतारानं ताम्रपट छातीशी धरला आणि तो ओक्साबोक्शी रडला. मग उठून त्यानं सगळ्यात टणक बाभूळ निवडली. बहिणीचा पंजा लाकडावर ठेवून जाडी आखली. दोघींच्या देखत कमान वाकवली, गाडीवर बसवली. बहिणीनं दोन्ही पंजांनी तिला लटकून पाहिलं. कमान हलली नाही.

दोघी निवांत होऊन अंगणात जाऊन बसल्या. सुतार एकटा कमानीखाली उभा राहिला. त्यानं ताम्रपट पुन्हा डोळ्यांसमोर धरला. लाकूड लिहिलं होतं. जाडी लिहिली होती. त्यानं सवयीनं कमानीवर चोच आपटून पाहिली. आवाज भरीव आला.

थोड्या वेळानं आतून टकटक ऐकू येऊ लागली.

“ऐकतेस ना?” टिटवी बहिणीला म्हणाली. “तुझ्यासाठी अजून पक्की करतोय.”

टकटक बराच वेळ चालली. कमानीच्या टोकाला चोचीएवढं भोक पडलं होतं, आणि त्यातून कमानीच्या पोटातला तांबूस भुसा सुताराच्या पायांशी सांडत होता. टकटक थांबल्यावर त्यानं भुसा झाडून काढला, भोक मेणानं बुजवलं, आणि गाडीच्या तळाशी आणखी तीन शेरांचे दगड बांधले.